श्रीमती चिलापीबाई, उजनी यांस खुले पत्र

मा. श्रीमती चिलापीबाई,
मु. पो. उजनी जलाशय.

साष्टांग नमस्कार, वि. वि.

बेंबळीच्या बाजारात पाटी भरभरून आपले दर्शन घडते, याबद्दल आधी आभार मानतो. मरळ किंवा वांब मागितली की विकणारी मावशी आपल्याकडेच बोट दाखवते. निवडीची कटकट मिटली. खवले काढताना आपल्या पाठीचे काटे बोटात घुसतात, ते आम्ही आशीर्वाद समजतो.

आपले माहेर आफ्रिकेत, मोझांबिककडे. १९५२ साली भारतात, मंडपमला आपण पाहुण्या म्हणून आलात. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडावा म्हणून खास बोलावणे होते. १९५९ मध्ये आपला प्रसार थांबवायचा, असे सरकारी पातळीवर ठरले. आपण तो कागद मनाला लावून घेतला नाही, हा आपला मोठेपणा.

आपल्या मातृप्रेमाला तर तोड नाही. अंडी तोंडात धरता, पिल्ले तोंडातच सांभाळता, संकट दिसले की सगळी पुन्हा आत. इतर माशांच्या अंड्यांनाही आपण तोंडात जागा देता. ती तेवढी परत बाहेर येत नाहीत.

तिलापिया घराण्याचे नाव आपण राखलेत. आपल्या भाऊबंदांपैकी नाईल तिलापियाला १९५०च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात सोडले. सोबत नाईल पर्च नावाचा दांडगा शिकारीही होता. तिथल्या लोकांचा घरचा मासा ‘न्गेगे’ त्यानंतर जाळ्यात दिसेनासा झाला.

आणि आपली सोशिकता! पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून आपल्या दारात येते. त्यावर शेवाळ माजते, पाणी हिरवे होते, प्राणवायू घटतो. नाजूक मासे माना टाकतात. आपण त्यातच बाळसे धरता. हेच उजनीचे पाणी जलवाहिनीने आमच्या धाराशिव शहरातही येते. शुद्ध करून देतात म्हणे. आमचा विश्वास आहे, कारण दुसरा इलाज नाही.

एवढीच विनंती की, बाई, जरा आजारी पडत चला. आपण टुणटुणीत दिसता, म्हणून वरच्या मंडळींना पाणी ठीक वाटते.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये.

आपला नम्र,
एक बेंबळीकर

ता. क. : बाईंना वाचता येत नाही. पुणेकर आणि पिंपरी-चिंचवडकरांना येते. बाईंना आणले माणसांनी आणि पाणीही नासवले माणसांनीच. तेव्हा आपापल्या महापालिकेला एवढेच विचारा : आमच्या घरचे सांडपाणी पुरते शुद्ध न करता नदीत का सोडता?