काई खरं नाई बाप्पा!

टीका हे वऱ्हाडातलं बारमाही पीक. कपाशीला पाऊस लागतो, तुरीला हमीभाव. टीकेला चौकातली चहाची टपरी पुरते. तिचे दोन वाण आढळतात. एक कामाचा, म्हणून दुर्मीळ. दुसरा अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मुबलक असून 'काई खरं नाई बाप्पा' या चार शब्दांत तो सगळाच्या सगळा मावतो.

हे वाक्य रस्ता, जावई आणि कापसाचा भाव यांना सारखंच लागू पडतं, म्हणूनच कोणाच्या कामी येत नाही. रस्त्याबद्दल ते कंत्राटदारासमोर उच्चारलं जात नाही. तो नमस्कार करून पुढे गेला की उच्चारलं जातं. पंगतीत चौथा रोडगा चुरून त्यावर वांग्याची भाजी ओतून घेतली की 'रोडगे जरा कच्चेच राह्यले' हा अभिप्राय निघतो, तोही शेजारच्या पाहुण्याच्या कानात. रोडगे भाजणाऱ्यापर्यंत तो पोहोचतो तेव्हा गोवऱ्यांची राख झालेली असते.

कामाच्या वाणाचा अस्सल नमुना गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले हे मूळचे डेबूजी गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसा गल्ली झाडायची आणि रात्री त्याच गल्लीतल्या लोकांना कीर्तनात धारेवर धरायचं, असा क्रम. घाण कोणाच्या दारातली, हे झाडणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. कर्ज काढून सण, दारू, देवापुढे बोकड, असा एकेक दोष ते नाव घेऊन सांगत. तेही प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून वदवून. मग वाद घालणार कोण? बोकड सोडा म्हणण्याचा अधिकारही आयता मिळालेला नव्हता. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी आप्तांना गोड जेवण वाढलं होतं. त्या पंगतीतले अभिप्राय नोंदले गेले नाहीत, हे बरंच झालं. ऋणमोचनला पूर्णेकाठच्या चिखलात यात्रेकरू घसरत. त्यावर बाबांची टीका म्हणजे त्यांनी तिथे बांधवून घेतलेला घाट.

पुढे २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि टीकेला समिती, गुण व बक्षीस मिळालं. समितीच्या हाती मात्र खराट्याऐवजी गुणतक्ता होता, आणि ती कधी येणार हे गावाला आधीच कळत असे.