एक बैलगाडी बरोबर आठ मोटारी

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे. ती निवडणुका लढवत नाही, त्यामुळे तिच्यात फूटही पडत नाही. बॅरिस्टर जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशातल्या रस्त्यांची काळजी करणारा अहवाल दिला आणि त्यातून १९३४ साली ती उभी राहिली. रस्ता किती रुंद असावा, किती जाड असावा, कुठे किती वळावा, हे तेव्हापासून तिची पुस्तके सांगतात. त्यांतल्या १९९०च्या एका पुस्तकात खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांसाठी एक तक्ता आहे. रस्त्यावरचे कोणते वाहन किती मोटारींच्या बरोबरीचे, याचा तो हिशेब. मोटार एक. मोटारसायकल अर्धी. ट्रक किंवा एसटी तीन. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार. हातगाडी तीन, घोडागाडी चार. आणि बैलगाडी आठ! पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावण्याऐवजी हा तक्ताच चिकटवावा, इतका सन्मान त्यांना दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदावर मिळालेला नाही. सायकल अर्धी मोटार. पायी चालणाऱ्या माणसाला मात्र तक्त्यात रकानाच नाही. त्याला शून्यही म्हणता येत नाही, कारण शून्य निदान लिहावे तरी लागते.

यात कुणाचा आकस नाही. तक्ता मोजतो तो अडथळा. बैलगाडी आठ मोटारींइतका रस्ता अडवते म्हणून ती आठ. पायी चालणारा कुणालाच अडवत नाही, कारण हॉर्न ऐकला की तो चरात उतरतो. सभ्य माणसाची सरकारदरबारी नोंद होत नाही, हा आपला जुनाच अनुभव आहे.

आमच्या तालुक्याच्या गावाहून साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता अशाच वाहनांच्या भरभराटीचा. गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सकाळपासून सुरू होतात. त्यांना मागचा दिवा नसतो, पण स्पीकर असतो. त्यांच्यामधून वाळूचे डंपर, दुधाचे टेम्पो, वडाप आणि मुंबईहून जत्रेला आलेल्या गाड्या वाट काढतात. एवढ्यातून काही लोक पायी आणि सायकलीवरही जातात. हायस्कुलात जाणाऱ्या मुली असतात. त्यांतल्या काहींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत. सायकल द्यायचे काम एका खात्याचे आणि ती चालवायला जागा द्यायचे दुसऱ्याचे, त्यामुळे पहिल्या खात्याचे काम पूर्ण झालेले आहे. खुरपायला निघालेल्या बायका असतात. आणि पहाटे गळ्याला मफलर गुंडाळून निघालेली ज्येष्ठ मंडळी असतात. या मंडळींनी आयुष्यभर ऊस लावला. कारखान्याचा उतारा दरवर्षी घसरतो आहे, यांच्या रक्तातला चढतो आहे. डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितले. कुठे चाला, ते सांगितलेले नाही. त्यामुळे साखरेने जायचे की साखरेच्या ट्रॉलीखाली, एवढाच प्रश्न उरतो.

चालताना मोजली न जाणारी ही माणसे पुढे एका ठिकाणी मात्र फार काटेकोरपणे मोजली जातात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेल्याची नोंद आहे, आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्यांसाठी इथे स्वतंत्र रकाना आहे. सायकलवाल्यांसाठीही आहे. आणि इथे अर्धा वगैरे प्रकार नाही, प्रत्येकाला पूर्ण एक धरतात.

तर या रस्त्याच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक सामाईक पट्टी असावी, असा ठराव गावाने ग्रामसभेत केला. ठराव एकमताने झाला. खर्च दुसऱ्याच्या खिशातला असला की आमच्याकडे कधीच मतभेद नसतात. सेवानिवृत्त गुरुजी, सरपंच आणि दोन-चार मंडळी ठराव घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चहा मागवला. चहा आला म्हणजे काम होणार नाही, हे सरपंचांना कळले. गुरुजी नवखे होते.

“पट्टी आहे की तुमच्याकडे,” साहेब म्हणाले. “दोन्ही बाजूंना साइडपट्टी आहे. मुरमाची. इस्टिमेटमध्ये आहे, मोजमाप पुस्तिकेत आहे, बिलसुद्धा निघालंय.”

“साहेब, ती पावसात वाहून गेली.”

“म्हणजे होती ना?”

साइडपट्टीचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. ती मार्चअखेरीस अवतार घेते आणि मृगात समाधी. मधल्या काळात तिच्यावर चालणाऱ्याने आपले चालणे उरकून घ्यावे. उरलेल्या नऊ-दहा महिन्यांत डांबराची कड आणि जमीन यांच्यात अशी पायरी पडते की सायकलचे चाक उतरले की पुन्हा वर येत नाही. शिवाय त्या जागेवर शेजारच्या शेतकऱ्याचाही डोळा असतो. भावाचा बांध कोरायची सवय ज्याला आहे, तो सरकारचा बांध सोडील कशाला? दरवर्षी नांगराचे एक तास रस्त्याकडे सरकते. त्याला विचारले तर तो सातबारा दाखवतो, आणि सातबाऱ्यावर अजून त्याचेच नाव असते, कारण रस्ता झाला तेव्हा जमीन घेतली, नोंद घेतली नाही. उरलेल्या जागेत वेडी बाभूळ. वाहतुकीचे नियम सांगणारे पोलीस शाळेत येऊन बजावून जातात की पदपथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावे. मुली तसेच चालतात. वाहन दिसते. मग बाभूळ की वाहन, हे ठरवायला त्यांना पुरेसा वेळ मिळतो.

गुरुजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी साहेबांना सांगितले की मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालायला नीट पदपथ असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. साहेब हळहळले. पदपथ म्हणजे शहरातली गोष्ट, म्हणाले. इथे साइडपट्टी असते, आणि तिचा निकालात उल्लेख असेल तर दाखवा. गुरुजींनी दुसरा बाण काढला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. “बरोबर,” साहेब म्हणाले, “पण तुमच्या पट्टीची आम्ही रचनाच केलेली नाही. जी केलीच नाही ती चुकेल कशी?” या युक्तिवादापुढे गुरुजी हात जोडून उभे राहिले. मला तर वाटते, आपल्याकडचा बराचसा राज्यकारभार याच तत्त्वावर सुरक्षित आहे.

साहेबांना वाईट वाटले असावे, कारण निघताना त्यांनी एक वाट सांगितली. रस्त्यावरची वाहने सात दिवस, रात्रंदिवस मोजतात. वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीत. आकडा फुगला तर रस्त्याचे नशीब उघडते. सरपंच बाहेर येईपर्यंत गणित करून मोकळे झाले. शंभर पोरी सायकलीवर नेल्या तरी पन्नास. तेवढ्याला सात बैलगाड्या पुरतात. कारखान्यावर ऊसतोडीच्या गाड्या उभ्याच आहेत, मोजणीच्या आठवड्यात फिरवा इकडून तिकडे! गुरुजींनी शेवटपर्यंत विरोध केला, आणि इथे त्यांचेच खरे होते. बैलगाड्यांनी आकडा फुगतो, रस्ता ‘गर्दीचा’ ठरतो आणि गर्दीवर औषध म्हणून तो चौपदरी होतो. मग कडेच्या चिंचा आणि वड जातात, मोटारी दुप्पट वेगाने धावतात, आणि ज्या बैलांच्या जिवावर हे झाले त्यांनाच खाली उतरवले जाते. चालण्याची पट्टी दुसऱ्या टप्प्यात येते. दुसरा टप्पा आमच्या जिल्ह्यात अजून कुणी पाहिलेला नाही.

शेवटी निवडणूक आली आणि पट्टीही आली. सगळी नाही; हायस्कूलसमोर तीनशे मीटर. नारळ फुटला, कोनशिला बसली. रोड्स काँग्रेसच्या पुस्तकाप्रमाणे पदपथाची कड दीडशे मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे वीतभरसुद्धा नको, आणि चालायची मोकळी जागा निदान एक मीटर ऐंशी हवी. ठेकेदाराकडे साचे गटाराचे होते, त्यामुळे कड गुडघ्यापर्यंत आली. सायकल वर चढवायची तर खांद्यावर घ्यावी लागते. तरी मोकळी जागा मापात होती, हे कबूल केले पाहिजे. विजेचा खांब, कोनशिलेचा चौथरा आणि आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स या तीन ठिकाणी तेवढी ती नाही.

आता सामाईक वापर म्हणजे काय, ते यावे आणि पाहावे. सकाळी सोयाबीन वाळत पडते. पेव्हर ब्लॉकवर ते छान वाळते, खळ्यापेक्षाही. यंदा मक्याचीही चौकशी झाली. दुपारी रसवंतीवाला आपला मांडव तिथवर ओढतो आणि बाकडी लावतो. संध्याकाळी वडापावची गाडी. तिच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली पट्टीवर उभ्या, कारण रस्त्यावर लावल्या तर ट्रॅक्टर उडवतो. त्यांना जिवाची काळजी आहे. ज्यांना पलीकडच्या फाट्यावरून वळून यायचा कंटाळा, ते उलट्या दिशेने पट्टीवरूनच मोटारसायकल हाणतात आणि मध्ये आलेल्या आजीला “मावशी, बघून चाला की” म्हणून शिस्त लावतात. उन्हाळ्यात कुठल्याशा कंपनीने केबलसाठी निम्मे ब्लॉक उचकटले. ते तिने परत बसवले नाहीत, पण वाया गेले असेही नाही; गावातल्या तीन अंगणांत ते उत्तम बसले आहेत. मुली? त्या खाली, डांबरावरून जातात. पूर्वी बाजूला उडी मारायला चर तरी होता. आता तिथे गुडघाभर उंच कड आहे.

उत्तर प्रदेशाने वेगळ्या वाटेचे हे काम फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिले होते. इटावा ते आग्रा असा दोनशे सात किलोमीटरचा सायकलमार्ग तिथे २०१६ साली खुला झाला. तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षाचे निवडणूक चिन्ह सायकल होते, हा निव्वळ योगायोग समजावा. पुढल्या वर्षी सरकार बदलले. या उदाहरणावरून आमच्या कट्ट्यावर असा निष्कर्ष निघाला की चप्पल निशाणीवर उभा राहिलेला एखादा अपक्ष मुख्यमंत्री होईपर्यंत चालणाऱ्यांनी वाट पाहावी.

पण गुरुजी हार मानणारे नव्हते. ते परत साहेबांकडे गेले, या खेपेला वारकरी होऊन. महाराष्ट्रात पायी चालणाऱ्यांची दखल एकदा तरी घेतली गेली आहे, हे त्यांनी हेरले होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. ज्ञानेश्वर महाराजांचा दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, तुकाराम महाराजांचा पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३०. आणि दोन्हीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग! कडेला झाडे लावा, ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करा, असेही पंतप्रधान त्या दिवशी म्हणाले. म्हणजे एकेकटा चालतो तो कुणाच्या खिजगणतीत नाही, पण लाखांनी, पताका घेऊन, नामघोष करत चालले की अकरा हजार कोटींच्या कामात त्याची जागा निघते. गुरुजींचा प्रस्ताव सोपा होता. हायस्कूलच्या मुलींची दिंडी काढायची. रोजची. पुढे वीणेकरी, डोक्यावर तुळस, सायकलींना भगव्या पताका, मुख्याध्यापक चोपदार. दिंडीला रीतसर क्रमांक द्यायचा, रथापुढे अमुक, रथामागे तमुक.

साहेबांनी प्रस्ताव गंभीरपणे वाचला.

“मुक्काम कुठे असतो दिंडीचा?”

“घरी, साहेब.”

“रोज?”

“रोज. दहाला निघते, पाचला परत येते.”

“मग ही वारी नव्हे, गुरुजी. ही ये-जा आहे.” साहेबांनी चष्मा काढला. “पण तुम्ही देवाचं नाव घेतलंय तर नाही म्हणवत नाही. आषाढीपुरतं काहीतरी करू. मुरूम टाकून देतो.”

मुरूम मंजूर झाला आहे. रस्त्याच्या कोणत्या बाजूला टाकायचा, यावर ग्रामपंचायतीत सध्या दोन मते आहेत. डावीकडे सरपंचांचे शेत आहे आणि उजवीकडे उपसरपंचांचे.