हात चांगलाय, पण…

पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये नळ गळत होता. सुनेनं मोबाइलवर चार वेळा बोट फिरवलं आणि तासाभरात गणवेशातला प्लंबर दारात हजर. वॉशर बदलला, टेप गुंडाळली, फरशीवरचं पाणीसुद्धा पुसलं. जाताना मान खाली घालून म्हणाला, "काका, पाच स्टार द्या तेवढे. चारनं कामं कमी होतात." चार म्हणजे शेकडा ऐंशी. उभ्या मास्तरकीत एवढे मार्क मी मोजक्याच पोरांना दिले असतील! तरी दिले पाच. पोराचा घास एका ताऱ्यावर कशाला अडवा?

त्याची भीती काही उगाच नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला, मोबाइलवरून अशीच माणसं घरी पाठवणाऱ्या अर्बन कंपनीच्या ब्युटीशियन बायका कंपनीच्या दारात आंदोलनाला बसल्या, तेव्हा कमिशनसोबत या रेटिंगचंही गाऱ्हाणं होतं. पण सगळेच भीडेनं पाच देत असतील, तर त्या पाचाला अर्थ काय उरला?

आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर. टोलनाका आहे, पोलीस ठाणं आहे, कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्यांची रीघ आहे. तारे मात्र आकाशातलेच. इथं गवंडी हवा असेल तर चहाच्या टपरीवर विचारायचं. "बराय की," असं उत्तर आलं की डोळे मिटून काम द्यावं. यापुढं आमच्याकडं कौतुक जात नाही. "करतंय काम" म्हणजे पोटापुरतं. "तसा मानूस लई चांगला हाय" असं कुणी म्हणालं तर भिंत नक्की वाकडी. आणि "हात चांगलाय, पण पाय लागत नाही" म्हणजे कारागीर अव्वल. फक्त पाया खणून, उचल घेऊन गेला की पुढच्या अमावास्येपर्यंत दिसायचा नाही.

भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक काढलं. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे ना, याची खातरजमा करा, असं त्यात आहे. टपरीवर ती खातरजमा आपोआप होते. एकानं गवंड्याची तारीफ केली की दुसरा हळूच सांगतो, "मेव्हणाय त्याचा."

एक प्रश्न मात्र टपरीवर सोडत नाहीत. १९९३ च्या भूकंपात आमच्याच जिल्ह्यातल्या लोहारा-उमरग्याकडं दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. तेव्हापासून कुठलाही म्हातारा गवंड्याचं नाव निघालं की आधी विचारतो, "कोपरा कसा बांधतंय?" स्वभावाची चौकशी नंतर.

बलुत्याच्या काळी तर कारागीर निवडायची सोयही नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' वाचताना गंमत वाटते. सुतार-लोहार वतनदार, काम आवडो न आवडो, पिढ्यान् पिढ्या तोच. नांगर मोडला तरी त्याच सुताराकडं जायचं. मग नाराजी दाखवायला जागा उरायची ती खळ्यावर, बलुतं मापताना. सूप जरा हात राखून भरलं की ज्याला कळायचं त्याला कळत असणार. आणि सुतारही पुढच्या हंगामात कुणाचा नांगर आधी, कुणाचा शेवटी, ते ठरवत असणार!

ही पारख दुतर्फा असते, ते मला फार उशिरा कळलं. गेल्या उन्हाळ्यात पडवीची भिंत घेतली. कामाच्या तिसऱ्या दिवशी मी आत पडलो होतो आणि ओट्यावर बसून गवंडी फोनवर कुणाला तरी सांगत होता. बहुधा त्या माणसाला आमच्याकडं फरशीचं काम मिळणार होतं.

"मास्तरकडं व्हय? जावा की. च्या दोनदा देतेत, झकास. पर ओळंबा आपल्या हातानं लावून बगतेत." मग जरा थांबला. "पैसं? देतेत की. दिवाळीच्या आत देतेत."

कुठल्या दिवाळीच्या, ते काही तो बोलला नाही.