कांद्याचा रस आणि कंपनीची बस

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि तिच्यावर माझी जास्वंद ओणवलेली. झाड माझं, फुलं मात्र पलीकडच्या वहिनींची, कारण बहरणाऱ्या फांद्या नेमक्या त्यांच्या बाजूला. त्यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. फुलं तोडायला त्या येतात, मी कुंड्यांना पाणी घालायला येते आणि मग दोघींची कामं तशीच राहतात.

परवा त्यांनी भिंतीवर कागदाची पुडी ठेवली. मला वाटलं, गजानन महाराजांचा अंगारा असेल. वहिनींचं माहेर शेगावकडचं. उघडली तर आत केसांचा काळा पुंजका.

"पोराचे हायेत बाई. उशीवरचे, कंगव्यातले, न्हाणीच्या जाळीवरचे. एका दिवसाचे! लेकरू टकलं होऊन राह्यलं, अन् रैवारी तळेगावची पाहुणे मंडळी येऊन राह्यली."

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, त्यामुळे पुडी पुढ्यात आली की चष्मा आपोआप नाकावर येतो. एक केस उचलून उजेडात धरला. टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा गोळा. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, सगळ्यांना तोच गोळा.

"वहिनी, हे मुळापासून आलेत. मधे तुटलेले नाहीत."

"म्हंजे पाणीच खराब!" त्यांनी निकाल देऊन टाकला. पाण्यावर राग काढायला आमच्याकडे फार कारण लागत नाही. नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड. मधल्या दिवशी बोअर नाहीतर टँकर. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केसांचा झाडू होतो, हे खरंच. पण जड पाण्यानं केस राठ होतो, अधेमधे तुटतो. तुटलेल्या केसाला असा गोळा नसतो. मग पाळी आली हेल्मेटची. मुलगा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. आत कंपनीचं पिवळं हेल्मेट, बाहेर गाडीचं. "डोक्याले हवाच नाही लागत," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, केसाचं मूळ हवेवर जगत नाही, रक्तावर जगतं. हेल्मेटच्या आतलं कापड धुवा, घामानं कोंडा होतो, खाज येते. बाकी त्याचा दोष नाही.

"तरी मी कांद्याचा रस चालू केला ना," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. आवाज खाली आला की पुढे गोष्ट असते.

झालं असं, की पंधरा दिवस रोज मिक्सरमधून कांदा काढायचा, फडक्यातून पिळायचा आणि रस पोराच्या डोक्यात जिरवायचा. कांद्याला काय तोटा? चाकणच्या मार्केट यार्डातून दीर अर्धं पोतं टाकून गेलेले. सेकंड शिफ्टला निघायच्या आधी तासभर रस, मग शॅम्पू. एक दिवस टाकीत पाणी नव्हतं. पोरगा तसाच रुमाल बांधून कंपनीच्या बसमध्ये चढला. स्पाइन रोड येईपर्यंत शेजारच्यानं खिडकी उघडली. मोशीला कुणीतरी विचारलं, भेळ कुणी आणलीय? ड्रायव्हर म्हणाला, मागे जाऊन बस. मागचे म्हणाले, पुढे जा. चाकण चौकातल्या वाहतूक कोंडीत बस पाऊण तास उभी राहिली आणि उतरेपर्यंत पोराचं बारसं झालं होतं. आता अख्खी लाइन त्याला 'गावरान' म्हणते.

हसू दाबून मी सांगितलं, की कांद्याची अगदीच थट्टा करू नका. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 साली हा प्रयोग छापलाय. 23 जणांना कांद्याचा रस, 15 जणांना नुसतं नळाचं पाणी, दिवसातून दोनदा. सहा आठवड्यांनी रसवाल्यांपैकी 20 जणांना केस आले, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांनीही दोघांनाच.

"बघा! मी म्हनलं नव्हतं?"

"पण त्यांना चाई होती, वहिनी. रुपयाएवढा गोल चकता पडतो ना, ती. ती पुष्कळदा आपणहून भरते. शिवाय माणसं मोजकी. तुमच्या मुलाला चाई कुठेय? त्याचे सगळ्या डोक्यावरून जातायत."

यावर त्या गप्प झाल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? मले त्या बिमारीचं भ्या वाटते. आमच्या तिकडची."

ती भीती मला कळली. 2024 सरताना आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा असल्या गावांत लोकांचं डोकं आधी खाजायचं, मग केस हाताला यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरी, शाळकरी मुलं. वहिनींच्या चुलत बहिणीनं तर पोरीच्या कॉलेजचं नाव काढणंच सोडलं होतं. तोंड कसं दाखवायचं? कुणी 'टक्कल व्हायरस' म्हणालं, कुणी शॅम्पूवर खापर फोडलं, कुणी बुरशीवर. पाण्याची तपासणी झाली, त्यात नायट्रेट आणि क्षार भरपूर निघाले, म्हणून सगळे पाण्याच्या मागे लागले. आयसीएमआरची माणसंही येऊन नमुने घेऊन गेली.

"अन् निघालं काय?" वहिनींना उत्तर ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं. गोष्ट पुन्हा ऐकायची असते.

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे सगळ्यांना माहीत असलेले, ते त्या गावांत गेले. लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले. सेलेनियम भलतंच वाढलेलं आणि जस्त उतरलेलं. मग त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पंजाब-हरयाणाकडून आलेल्या त्या गव्हात इथल्या गव्हाच्या 600 पट सेलेनियम होतं. सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमटीच्याही चिमटीएवढं. जास्त झालं की केस सोडतात, पुढे नखंही. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी पुष्कळांचे केस परत यायला लागले, आणि एप्रिलमध्ये काहींची नखं गळायला लागली.

"सारं गाव डोक्याले तेल चोपडून राह्यलं होतं, अन् जहर पोळीत!" वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या घरी रेशनचा गहू येतो?"

"नाही बा. लोकवन."

"मग ते भ्या सोडा. मला सांगा, श्रावणात तो दवाखान्यात होता ना?"

होता. डेंग्यू. आठ दिवस सलाईन, पंधरा दिवस पेज, सहा किलो उतरला. आणि केस गळू लागले कधी? दिवाळीच्या सुमारास. मी बोटांवर मोजून दाखवलं, अडीच-तीन महिने. माझी आजी म्हणायची, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ ओळखू लागतं तिसऱ्या महिन्यात. बाळंतपणानंतर केस जायलाही तेवढाच वेळ लागतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपासमार, बाळंतपण, काहीही असो. शरीर म्हणतं, सध्या केस वाढवायला सवड नाही, आणि एरवी दहातला एकच केस विश्रांतीला जातो तिथे पुष्कळ एकदम जातात. विश्रांती संपली की गळतात. तोच तो पांढरा गोळा. नवा केस खालून निघालेलाच असतो, पण वाढतो महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर.

"म्हंजे येतील?"

"येतील. तीन-चार महिन्यांनी दिसायला लागतील. हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तेवढं बघून घ्या. रोज अंडं, डाळ, हळिवाचा लाडू. नाईटला डबा द्या, वडापाववर आठवडा काढू देऊ नका. आणि ते जाहिरातीतले गोड चघळायचे केसांचे गोळे आणू नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस जातात." कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, हेही सांगितलं. ते वडिलांकडून किंवा मामाकडून आलेलं असतं, तिथे कातडीच्या डॉक्टरांकडेच जायचं. वहिनींनी वळून व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या यजमानांच्या चकचकीत डोक्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

"मंग तेल बी बंद?"

तेल का बंद? रेले आणि मोहिले यांनी 2003 साली मुंबईतून दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं. सूर्यफुलाच्या तेलाला, खनिज तेलाला ते जमत नाही. आहे तो केस त्यानं टिकतो. नवा उगवत नाही, एवढंच.

मग आमची खरी वादावादी झाली ती तेल उकळण्यावर. वहिनी माका, जास्वंदीची फुलं आणि कढीपत्ता तेलात टाकतात आणि काळं झालं की उतरवतात. मी म्हटलं, पाला वाटून, माक्याचा रस घालून मंद आचेवर ठेवा. आधी तडतडेल, मग फेस येईल. चोथा काढून बोटांवर वळून बघायचा, त्याची वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली आणि आवाज झाला नाही की पाणी गेलं, तेल उतरवा. पाणी राहिलं तर आठवड्यात खवट. त्यांच्या आईचं तेल म्हणे वातीशिवायच वर्षभर टिकायचं. यावर मी काय बोलणार? माहेरच्या तेलाशी कुणी वाद घालावा!

"अन् कांदा? आज सकाळीच दोन किलो काढून ठेवला. रसबी, चोथाबी."

"थालीपीठ लावा."

संध्याकाळी भिंतीवर झाकलेली ताटली आली. गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, बाजूला तोडलेली दोन जास्वंदी. पहिला घास मोडला आणि त्यातून एक केस निघाला. चष्मा लावला. हातभर लांब, अर्धा पांढरा, म्हणजे मुलाचा नव्हे. टोकाला गोळा होता.