समुद्राचं आवर्तन

नातेपुत्याच्या माणसाला प्रवासाची फारशी सवय नाही, प्रवाशांची मात्र आहे. दर आषाढात माउलींची पालखी बरडहून येते, एक रात्र राहते आणि सकाळी माळशिरसची वाट धरते. तेवढ्यात लाखो माणसं आमच्या अंगणात, ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात जेवून, झोपून, आंघोळी उरकून जातात. उरलेलं वर्षभर शिंगणापूरला जाणारे असतात, दहिगावला जाणारे असतात. त्यामुळे इथं पिढ्यान्‌पिढ्या एक समज पक्का आहे: जायचं ते लोकांनी, आपण फक्त पाणी द्यायचं.

म्हणून यंदाच्या शैक्षणिक सहलीसाठी मीटिंगमध्ये कुणीतरी ‘कोकण’ म्हटलं तेव्हा सगळे आधी पंख्याकडे बघायला लागले. आमच्या सहलीचा रस्ता ठरलेला. प्रतापगड, महाबळेश्वर, येताना वाईचा गणपती. मुलांच्या आयांनीही लहानपणी त्याच पॉइंटवर तेच फोटो काढलेले. पण पीटीचे सर हट्टाला पेटले. दहावीतली पोरं पावसाळी वारे, खाऱ्या वाऱ्याने गंजणारं लोखंड, खारफुटी असलं सगळं पाठ करतात आणि समुद्र बघितलेला नाही, हे काय शिक्षण झालं? भूगोल माझ्याकडे. मला मान हलवावीच लागली.

मग कागद सुरू झाले. एसटीची शालेय सहल म्हणजे निम्म्या भाड्यात गाडी, पण त्या निम्म्या भाड्यासाठी दुप्पट कागद. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर किनाऱ्यावर पोरं न्यायची म्हणजे शिक्षकाच्या छातीवर दगडच असतो, आणि असावाही. प्रत्येक पालकाचं संमतीपत्र घेतलं. एका पालकाने सही करता करता विचारलं, “सर, समुद्रात न्या न्हायतर कुठंबी न्या, पण सोमवारी आमचं पाणी हाय. दारं कोण धरनार?”

हा प्रश्न नातेपुत्यात कुणी हसण्यावारी नेत नाही. गावाला पाणी पाजतो तो नीरा उजवा कालवा. त्याचं आवर्तन सुटलं की लग्नाची बोलणीसुद्धा चार दिवस पुढे जातात. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज कधी भरला, चारीला पाणी कधी आलं, टेलला पोचलं का वरच्यांनीच मुरवलं, यावर इथं मैत्री आणि वैर ठरतं. आमच्या वर्गात एका पाटकऱ्याचा पोरगा आहे. बाप कालव्याची दारं उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे पोराला वर्गात मान आहे. सहलीत त्याची जागा खिडकीजवळ. कुणी दिली नव्हती, पण कुणी मागितलीही नाही.

पहाटे चारला ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी लावलेली लाल गाडी स्टँडवर उभी राहिली. दाराला नारळ फोडला. ड्रायव्हरमामांनी अर्धी कवड समोरच्या काचेपाशी ठेवली, ती फलटण यायच्या आत कुणीतरी खाल्ली. सामानावरून वाटत होतं गाडी निदान काशीला निघाली असावी. कडक भाकरीच्या चवडी, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, धपाटे, आणि एका मुलीकडे पाच लिटरचं पाण्याचं कॅन. “तिकडं पाणी मिळतंय का न्हाय, कुणाला ठावं,” आईने सांगितलं होतं. समुद्राला जाताना!

सातारा, उंब्रज, पाटण. घाट लागायच्या आतच पहिल्या तीन बाकांनी लिंबू हुंगायला सुरुवात केली. गणिताच्या बाईंनी आवळासुपारी वाटली. ती ज्यांनी खाल्ली त्यांना आधी झालं, ज्यांनी नाही खाल्ली त्यांना नंतर.

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण दाखवलं. माझा विषय, मी रंगात आलो. म्हटलं, ही कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे मूळची आपल्यासारखीच पूर्वेकडची. पण इथं तिला अडवून डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पाडली, त्यावर वीज केली, आणि पाणी खाली वाशिष्ठी नदीतून समुद्रात.

“किती पाणी, सर?” पाटकऱ्याचा पोरगा.

“लवादाने ठरवून दिलंय, वर्षाला 67.5 टीएमसी.”

गाडीत शांतता पसरली. सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला टीएमसी शिकवावं लागत नाही. उजनी 117 टीएमसीची, हे त्याला पाढ्यांच्या आधी येतं. पोराने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “निम्म्या उजनीपेक्षा जास्ती. दर वर्साला. समुद्रात?”

“अरे, पण वीज मिळते ना. तुमच्या विहिरीवरची मोटर चालते ती—”

“ती रात्री दोनला चालतीय, सर.”

पीटीच्या सरांनी घाईघाईने अंताक्षरी सुरू केली.

कुंभार्ली घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली. मुलींनी स्वेटर काढले, मुलांनी खिडक्या उघडल्या. चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं. निवळी फाट्याला वळून गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकला होता. गाडी शेवटचं वळण घेऊन उताराला लागली आणि उजव्या बाजूच्या माडांमधून समुद्र एकदम दिसला. गाडीभर एकच ओरड झाली. ओरड ओसरल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, “पलीकडचा काठ कुठाय?”

काठ हवाच. कालव्याला असतो, विहिरीला असतो, उजनीलाही उन्हाळ्यात सापडतो. मी सांगितलं, नाकासमोर गेलं तर थेट अरबस्तान. तिने अरबस्तानाच्या दिशेने डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. दिसलं असावं.

गणपतीपुळ्याचा देव पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे आणि देवळामागचा डोंगरच गणपती मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. वारीच्या रस्त्यावरची पोरं ती. त्यांनी प्रदक्षिणेत आपोआप दिंडी लावली. पुढे मुलं, मागे मुली, मधे टाळांऐवजी स्टीलचे डबे. दर्शनाला आलेल्या दोन पुणेरी आजी बाजूला होऊन त्यांना नमस्कार करू लागल्या.

सकाळी किनाऱ्यावर पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवून नियम सांगितले. गुडघ्याच्या वर पाणी नाही, दोरीच्या पलीकडे पाऊल नाही. इथला समुद्र एकदम खोल होतो आणि ओढतो, तशी पाटीही लावलेली आहे. कालव्यात पुलावरून सूर मारणारी आमची पोरं हे ऐकून गालात हसली. “सर, आमाला पवायला येतंय,” असं त्यांच्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याने जाहीर केलं आणि दोरीच्या अलीकडे, पाठ करून, फोटोसाठी उभा राहिला. मागून एक लाट आली. मोठी नव्हती. तिने त्याला आधी बसवलं, मग आडवं केलं, मग जाताना एक चप्पल मागून घेतली. तो उठला तेव्हा तोंडातलं पाणी थुंकत त्याने समुद्राकडे असं पाहिलं, जणू भरल्या पंगतीत याने आपला अपमान केलाय.

“सर, ह्ये पानी माघारी येतंय!”

शोध खरा होता. कालव्याचं पाणी एकदा पुढं गेलं की गेलं. पुढच्या पाळीपर्यंत त्याचं तोंड दिसत नाही. हे मात्र जातंय, येतंय, कुणाची परवानगी नाही. तेवढ्यात चप्पलही परत आली. त्यावर पोरांचा समुद्रावर जो विश्वास बसला, तो उतरवायला पीटीच्या सरांना आणखी अर्धा तास शिट्टी वाजवावी लागली.

दरम्यान पाटकऱ्याचा पोरगा ओल्या वाळूत गुडघे टेकून कामाला लागला होता. खोबऱ्याच्या करवंटीने त्याने आधी मुख्य कालवा उकरला, तळहाताने दोन्ही भराव दाबले, मग डावीकडे दोन चाऱ्या काढल्या. शिंपल्यांची दारं बसवली. पुढे बोटाने सऱ्या पाडून त्यात केवड्याची वाळकी पानं खोचली, तो ऊस. लाट आली की पाणी कालव्यात शिरायचं आणि तो शिंपला वर करून एकेका शेताला सोडायचा. थोड्या वेळात तिथं आठ-दहा खातेदार जमले. टेलच्या मुलीची तक्रार सुरू झाली की माझ्यापर्यंत येतच नाही, वरचा भोक पाडून घेतोय. वरच्याने कानावर हात ठेवले. तिने रागाने जाऊन वरचा शिंपलाच उपटला. पंचनामा झाला. गणिताच्या बाईंनी क्षेत्राप्रमाणे मिनिटं वाटून दिली, ती कुणालाच पटली नाहीत. हे चालू असताना भरती चढत होती याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक लाट आली ती थेट वरच्या शेतातून टेलपर्यंत. चाऱ्या, दारं, ऊस, तंटा, सगळं सपाट.

“वरनं गेट फुटलं!” सगळे एका सुरात ओरडले आणि पळाले. पळाली नाही ती फक्त टेलची मुलगी. घोटाभर पाण्यात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “आलं की न्हाय?”

मग मी भरती-ओहोटी समजावली. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिराने.

“उशिरानं, म्हंजी वेळापत्रक पाळत न्हाईत,” पाटकऱ्याच्या पोराच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. “कोण सोडतंय?”

“कुणी सोडत नाही. चंद्राच्या ओढीने होतं. सूर्याचीही थोडी असते.”

पोरगा जरा वेळ गप्प राहिला. “म्हंजी पाटकरी चंद्र हाय. आन् समद्या जगाचे किनारे त्याच्या मागं. तवाच पंधरा दिसांत झिजून एवढुसा होतोय. आमचे आबाबी आवर्तनात तसंच होत्यात.”

अमावास्येलाही मोठी भरती येते, हे मी त्याला सांगणार होतो. नाही सांगितलं. भूगोलात असली सहानुभूती रोज मिळत नाही.

मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं. मुलांनी कौलं पाहिली, अंगण पाहिलं आणि एवढ्या सुखाच्या जागी राहून माणसाने परीक्षेला विचारतील असलं कशाला लिहावं, यावर चर्चा केली. आरे-वारेच्या रस्त्यावर, जिथं डोंगराच्या कडेवरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथं मात्र सगळे गप्प झाले. ड्रायव्हरमामासुद्धा.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली राज्यावरून काढून इथं आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथंच वारला, असं मी सांगितलं. वर्गाला दया येईल अशी माझी अपेक्षा. एकाने राजवाड्याच्या गॅलरीकडे आणि खाली दिसणाऱ्या खाडीकडे आळीपाळीने पाहिलं.

“सर, ही शिक्षा व्हती? आमच्यातल्या एकाला तडीपार केलंता, तर त्यो नीरा वलांडून इंदापुरात मेव्हण्याच्या गोठ्यात ऱ्हायला.”

जेवणाची कथा थोडक्यात. भात, आमटी, भाजी आणि गुलाबी सोलकढी. सोलकढी हे सरबत आहे की ताक की औषध, यावर एकमत न झाल्याने ती तिन्ही प्रकारे पिऊन झाली. भाताचा प्रश्न मात्र बिकट. आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी दोन घास. इथं सुरुवातही भात, मध्यही भात, आणि शेवटी विचारतात, “भात वाढू?” दुसऱ्या रात्री पोरांनी दप्तरातून कडक भाकऱ्या काढून आमटीत कुस्करायला घेतल्या. खानावळीच्या काकू बघत उभ्या राहिल्या. त्यांनीही एक तुकडा मागून घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, “ही टिकते हो किती दिवस?” महिनाभर, म्हटल्यावर त्यांनी दोन ठेवून घेतल्या.

मालवणला सिंधुदुर्ग. होडीत बसताना आमचे सगळे पोहणारे मधल्या फळीवर एकमेकांचे हात धरून बसले. महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर हे काम सुरू केलं. तट, बुरूज, शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, हे सगळं मुलांनी टोप्या काढून पाहिलं. पण त्यांची खरी समाधी लागली ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारट पाणी आणि मधे गोड्या विहिरी. आमच्याकडे कालव्याच्या कडेला पाणी जास्त झालं की जमिनी चोपण होतात आणि बोअरला मचूळ पाणी लागतं, तिथं ही भर समुद्रात गोडं पाणी पाहून पोरांच्या डोळ्यांत मत्सर उभा राहिला. पाटकऱ्याच्या पोराने आत वाकून बघितलं. “महाराजांनी आधी पानी बघितलं असनार, मग किल्ला,” तो म्हणाला. इतिहासाच्या तासाला हे उत्तर आलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. लगेच त्याने “किती एचपीची मोटर ओढंल?” असं विचारलं, ते सोडा.

परतीला फोंडा घाट. ज्या मुलीकडे पाच लिटरचं कॅन होतं, तिने ते मालवणच्या किनाऱ्यावर रिकामं करून समुद्राच्या पाण्याने भरून घेतलं होतं. आजीने सांगितलं होतं, सगळ्या नद्यांचं पाणी तिथं असतंय, म्हणजे सगळी तीर्थं एकदम, तेवढं आण. कॅन सीटखाली होतं. घाटात दिवे मालवलेले, गाडी झोपलेली, आणि शिट्टी वाजवून वाजवून पीटीच्या सरांच्या घशाला कोरड पडलेली. पुढचं कुणी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. ड्रायव्हरमामांनी ब्रेक मारला, दिवे लागले. सर खिडकीबाहेर होते आणि कॅन आडवं होऊन गाडीतल्या सगळ्या चपलांना तीर्थ पोचलं होतं.

मुलगी रडायला लागली. सरांनी तिची समजूत घातली आणि कोल्हापूरला पहाटे स्टँडवरच्या नळाखाली कॅन धरलं. खिशातून खानावळीतल्या मिठाची पुडी काढली, अंदाजाने टाकली, हलवलं. “गंगा, गोदा, पंचगंगा, सगळं एकच,” ते मला म्हणाले.

सोमवारी परिपाठाला ती मुलगी त्यांच्यासमोर उभी.

“सर, आजीनं समुद्राचं पानी घरात शिंपडलं. मग जरा पिऊनबी बघितलं.”

“मग?”

“म्हनली, उगंच नावं ठेवत्यात लोकं. आपल्या बोअरपेक्षा गोडं हाय.”

सरांनी वेळ व्हायच्या आतच घंटा द्यायला सांगितलं.