निवृत्तीग्रस्त

पूरग्रस्तांना निदान कोणी तरी सतरंज्या वाटतं, धरणग्रस्तांचा मोर्चा तरी निघतो. निवृत्तीग्रस्ताकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही. हा प्राणी गिरगावापासून बदलापूरपर्यंत विपुल आढळतो. पुण्यातही सापडतो, पण तिथे तो आपलं दुःख मुद्देसूद मांडतो. वय चाळिशीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या पुढे. नोकरी बँकेत, नाही तर विम्यात. स्वतःच्या निवृत्तीला अजून पंधरा-सोळा वर्षं असतात आणि तिची त्याला काडीची फिकीर नसते. त्याला छळते ती दुसऱ्यांची निवृत्ती. वाढदिवस आला की हा मजेत केक कापतो. पण एखाद्या क्रिकेटरनं बॅट ठेवली की त्याच संध्याकाळी याचे गुडघे दुखायला लागतात.

लग्नाचा वाढदिवस त्याला बायकोच्या चेहऱ्यावरून कळतो. पण 15 नोव्हेंबर 1989, कराची, हे झोपेतून उठवून विचारा. सोळा वर्षांचा सचिन त्या दिवशी उतरला तेव्हा हा दुसरीत होता. घरच्या माळ्यावर अजून एक बॅट आहे. तिच्यावर मार्करनं ‘एमआरएफ’ लिहिलंय. पहिलं अक्षर झोकात काढल्यामुळे शेवटच्याला जागाच उरली नाही, ते बिचारं बॅटच्या कडेवर वळलंय. ही बॅट भंगारात द्यायची गोष्ट दर दिवाळीला निघते आणि दर दिवाळीला घरात दोन दिवस अबोला असतो.

पहिला मोठा झटका 16 नोव्हेंबर 2013 चा. सचिनची दोनशेवी आणि अखेरची टेस्ट, वानखेडेवर. आदल्या दिवशी तो 74 वर गेला होता. देवनारायणचा चेंडू, स्लिपमध्ये सॅमीचा झेल. निवृत्तीग्रस्तानं सॅमीला अजून माफ केलेलं नाही. ‘पाहुणा म्हणून आला होतास, सोडला असतास तर काय वेस्ट इंडीज बुडणार होतं?’ (बुडालंच होतं. डावानं हरले.) मग ते भाषण. सचिन हातात नावांची यादी घेऊन बोलत होता, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये साहेब चष्मा पुसत होते आणि हा उघड हुंदके देत होता. तेवढ्यात घरून फोन आला.

“अहो, आवाज असा का येतोय? कोण गेलं?”

“सचिन.”

त्यानंतर वहिनींनी जी किंकाळी फोडली, ती शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींना आजही आठवते.

तर या माणसाचं एक गुप्त तत्त्वज्ञान आहे. आपल्याआधी जन्मलेला एक तरी माणूस मैदानात आहे, तोवर आपण तरुण. म्हणजे तत्त्वतः निवड समितीचा फोन अजून येऊ शकतो. हसू नका, आधार आहे. प्रवीण तांबे! मुंबईचा लेगस्पिनर, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता 2013 मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी थेट आयपीएलमध्ये. निवृत्तीग्रस्तांच्या देव्हाऱ्यात सचिन मधोमध असला, तरी नवस बोलायचा तो तांबेला.

मात्र असे वडीलधारे झपाट्यानं कमी होत चालले. धोनीनं 2020 च्या पंधरा ऑगस्टला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. जेम्स अँडरसनचा जन्म जुलै 1982 चा, याच्याहून चारच महिन्यांनी मोठा. त्याच्या भरवशावर याची बरीच वर्षं सुखात गेली. डोंबिवलीचा माणूस पहाटे उठून लँकेशायरच्या एका गोलंदाजाच्या पाठीची काळजी करतो, हे इंग्रजांना कळलं असतं तर त्यांनाही भरून आलं असतं. जुलै 2024 मध्ये लॉर्ड्सवर तोही 704 विकेट घेऊन थांबला. त्या रात्री हा जेवला नाही. पुढच्या वर्षी अँडरसन कौंटीत पुन्हा गोलंदाजी करतोय हे कळल्यावर दोन दिवस लिफ्ट न घेता जिन्यानं चढला. रोहन बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला, तेव्हा तर याला टेनिसही आवडायला लागलं.

खरा घाव मात्र थोरल्यांच्या जाण्याचा नाही. रोहित शर्मा! 2007 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाहिला तेव्हा हाच म्हणाला होता, “बोरिवलीचं पोरगं आहे, टिकेल.” ते पोरगं मे 2025 मध्ये टेस्टमधून निवृत्त झालं, तेही चोवीस तासांत विरून जाणाऱ्या इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर. पाचच दिवसांनी विराट. ज्यांना आपण ‘नवीन पोरं’ म्हणत आलो तीच दमून घरी बसायला लागली, तर आपण कुठल्या रांगेत? मला विचाराल तर हा प्रश्न रास्त आहे. पण तो रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर टाकायचा नसतो. उत्तरादाखल मामांनी गुडघ्याच्या तेलाची लिंक पाठवली.

घरात सहानुभूती शून्य. वहिनी म्हणतात, “तो रिटायर झालाय, तुम्ही नाही. उठा, दळण आणा.” मुलगा विचारतो, “बाबा, सचिन म्हणजे अर्जुनचे बाबा ना?” आणि तो अर्जुनसुद्धा गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक ठोकून बसलाय, बापासारखंच. म्हणजे पुढची पिढी दारात नव्हे, क्रीजवर उभी.

गेल्या महिन्यात सोसायटीची बॉक्स क्रिकेट स्पर्धा झाली. निवृत्तीग्रस्त नवे बूट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे आणि पाठीवर 10 नंबर लावून हजर. नाव ओपनर म्हणून दिलेलं. बी विंगचा दहावीतला कॅप्टन अतिशय अदबीनं जवळ आला.

“काका, तुम्ही अंपायर राहाल का? तुमच्याएवढे रूल्स कोणालाच माहीत नाहीत.”

काकांनी पांढरी टोपी मागवून घेतली, स्टंपांमागे ताठ उभे राहिले. पहिला चेंडू कॅप्टनच्याच पॅडवर आदळला. सोसायटीच्या नियमांत एलबीडब्ल्यू नाही. अपीलही कोणी केलं नव्हतं. काकांनी बोट वर केलं.