वस्तरा आणि नवरदेव

"काकू, तुमच्या पुतण्याच्या गालाला काय झालं हो? सकाळी नाश्त्याला लोचो आणायला निघाला होता, तर तोंडभर कागदाचे कपटे!"

"काय सांगू गं! वस्तऱ्यानं दाढी करायला शिकतोय. नंदुरबारच्या घरी ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडला, जर्मनीचा, झोलिंगेनचा. तेव्हापासून ब्लेडची दाढी ह्याला दाढीच वाटत नाही."

"अगबाई! त्याला धार तरी उरली असेल का?"

"तेच तर. लिंबायतचे आपले न्हावीमामा नाहीत का, अमळनेरकडचे? त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, आधी पाजवायला शीक, मग गालाला हात लाव. बोथट वस्तराच जास्त कापतो. दगडावर कधीतरी, पण चामड्याच्या पट्ट्यावर दाढीच्या आधी दर वेळी. वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं, आणि टोकाला आलं की पाठीवरच उलटवायचा. ह्या शहाण्यानं धार पुढं धरली, पट्टा चिरला. आणि पट्टा कुठला? आमच्या ह्यांच्या कमरेचा!"

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार, चड्डी सावरत बसले! बरं, मामांनी सगळं नीट सांगितलं होतं हो. गरम पाण्यानं दाढी मऊ कर, दुसऱ्या हातानं कातडी ताण, पातं तीस अंशांच्या आसपास धर, केसांच्या दिशेनं फिरव, दाबू नको. सुरुवातीला नुसते गाल. हनुवटी आणि ओठाची वरची बाजू हात बसल्यावर. ह्यानं श्रीगणेशा केला तो हनुवटीवर. खळी आहे ना तिथं! तुरटी फिरवली तर असा कोकलला, की खालच्या मजल्यावरचे धावत वर आले."

"पण मामा तरी असला वस्तरा कुठं वापरतात आता?"

"नाहीच मुळी. त्यांचा अर्ध्या ब्लेडचा. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून घालायचं, झालं की टाकून द्यायचं. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, रक्तातून काय काय पसरतं! शिवाय पाजवायचं झंझट नाही. अमेरिकेतल्या त्या जिलेटनं १९०१ साली कंपनी काढली, ती ह्याच कटकटीवर. बोथट झालं की फेका."

"आणि आपली सुरतची दमट हवा!"

"पावसाळ्यात तर बघायलाच नको. पुसून तेलाचा थेंब लावला नाही की गंज धरलाच. माझ्या शिलाई मशीनची बाटली त्यानं त्यातच संपवली."

"लग्न तोंडावर आलंय ना पण त्याचं?"

"म्हणून तर वस्तरा माझ्या कपाटात कुलपात टाकलाय! शिकायचं तर त्यानं मामांसारखा अर्ध्या ब्लेडचा घ्यावा, तोही लग्नानंतर. नवरदेवाची दाढी मामाच करतील, मान त्यांचाच आहे. आणि तुझ्या नवऱ्यालाही बजाव बाई, परवा तो वस्तरा फार कौतुकानं न्याहाळत होता!"